उजळाईवाडीचे विमान आणि आमचे घर

कोल्हापूरच्या मुस्लिम घरांतून मुलगा आखातात नोकरीला जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणाचा जेद्दाहला, कुणाचा मस्कतला. आमचे थोरले भाईजान दुबईला गेले तेव्हापासून आम्ही भावंडे दोन वेळा पाहायला शिकलो, एक इथली आणि एक तिथली. फोन अवेळी वाजला की अम्मीच्या तोंडून आधी ‘या अल्लाह, खैर’ निघायचे आणि मग ती फोन उचलायची.

आमच्या दादांनी हज केला तो जहाजाने. कोल्हापूरहून रेल्वेने मुंबई आणि तिथून समुद्रमार्गे जेद्दाह. निघण्याआधी ते मोहल्ल्यातल्या प्रत्येक दारात गेले होते. ज्याचे देणे होते ते दिले, ज्याच्याशी बोलणे बंद होते त्याच्या उंबऱ्यावर उभे राहून ‘कहा-सुना माफ’ म्हणाले. परत येऊ की नाही याचा भरवसा नव्हता. हजची ती जहाजे 1995 साली कायमची थांबली. आता आपले हाजी मुंबईहून काही तासांत जेद्दाहला पोहोचतात.

खरा लांबचा प्रवास राहिला तो मुंबई ते कोल्हापूर. दुबईहून मुंबईला विमान तीन तासांत येते. मुंबईहून घरी यायला लक्झरीने किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने अख्खी रात्र जाते. अब्बांच्या वेळी या हिशेबाचा अर्थ आम्हाला कळला. 2016 साली इशानंतर अब्बांचा इंतकाल झाला. भाईजानना रात्रीचे विमान मिळाले आणि सकाळी सातला ते मुंबईत विमानतळाबाहेर होते. पुढे टॅक्सी, घाट, पुण्याची गर्दी. इकडे मय्यत तयार होती. दफन लांबवू नये अशी आपली शिकवण आहे. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी जोहरनंतरची वेळ ठरवली आणि आम्ही ती मानली. भाईजान तावडे हॉटेलपाशी आले तेव्हा असर होत आली होती. ते घरी न येता बॅगेसकट थेट बागल चौकातल्या कब्रस्तानात गेले. कबरीवरची माती अजून ओली होती. त्यांनी कुणालाच बोल लावला नाही.

तसे पाहिले तर कोल्हापूरला विमानतळ नवा नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी उजळाईवाडीला तो बांधला आणि 1939 मध्ये तो खुला झाला. ज्या शाहू महाराजांनी 1906 साली आपल्या मुलांसाठी मुस्लिम बोर्डिंग उभे केले, त्यांचेच हे चिरंजीव. पण विमानतळ असणे वेगळे आणि विमान असणे वेगळे. मधल्या काळात सेवा सुरू व्हायची आणि बंद पडायची. 2018 मध्ये उडान योजनेतून विमाने पुन्हा येऊ लागली. धावपट्टी 1370 मीटरची होती, ती वाढवून 1930 मीटर केली. 10 मार्च 2024 रोजी काळ्या दगडाच्या कमानींची नवी इमारत खुली झाली. या विस्तारासाठी गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आपल्याला वाचलेल्या प्रत्येक तासात त्यांचाही वाटा आहे, हे विसरू नये.

अम्मी शेवटची आजारी पडली ती 2023 मध्ये. डॉक्टरांनी ‘बोलवायचे त्यांना बोलवून घ्या’ म्हटले. मुंबई-कोल्हापूर विमान तेव्हा रोज नव्हते, पण त्या दिवशी होते. भाईजान पहाटे मुंबईत उतरले, दुसऱ्या विमानात बसले आणि तासाभरात उजळाईवाडीला पोहोचले. दुपारी ते अम्मीच्या उशाशी होते. तिने त्यांचा हात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘जेवलास का?’ त्यानंतर अम्मी नऊ दिवस होती. शेवटी जनाज्याला पहिला खांदा भाईजानांनी दिला. अल्हम्दुलिल्लाह.

त्या नऊ दिवसांत अम्मी आणखी एकाची वाट पाहत होती. आमचे धाकटे चाचा इचलकरंजीला असतात. मोटारसायकलने तासाभराचा रस्ता. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून अब्बांच्या काळापासून येणे-जाणे बंद होते. आम्ही निरोप धाडला, दोनदा फोन केला. ‘येतो,’ म्हणाले. दार वाजले की अम्मी विचारायची, ‘तुझे चाचा आले का?’ चाचा आले ते जनाज्याला. ‘भाभी, माफ करा’ म्हणत खूप रडले. आम्ही त्यांना जवळ घेतले, चहा दिला. पण ज्यांच्याकडून माफी हवी होती त्या आता बोलणार नव्हत्या.

विमानाचे तिकीट सगळ्यांना परवडत नाही, पावसाळ्यात ते रद्दही होते. तरी ती सोय मोठी आहे आणि कोल्हापुरातून थेट आखातात विमान जावे असे आम्हालाही वाटते. पण दादांच्या काळी प्रवास अवघड होता म्हणून माणसे निघण्यापूर्वी मने साफ करायची. आता प्रवास सोपा झाला आणि आपण ते काम पुढच्या खेपेवर ढकलू लागलो.

अम्मीच्या चाळीसाव्यानंतर आम्ही भावंडे एकत्र बसलो. दोन गोष्टी ठरल्या. पुढे कुणाच्या मय्यतीला दूरच्या माणसाची किती वाट पाहायची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना हयातीतच विचारून ठेवायचे, म्हणजे त्या घडीला वाद नको. आणि घराच्या वाटणीचे कागद घेऊन आम्ही स्वतः इचलकरंजीला जायचे. भाईजान परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे होते, त्यातला एक दिवस त्यासाठी दिला. चाचींनी बिर्याणी केली होती. वाटणी अजून पुरती मिटलेली नाही, पण येणे-जाणे सुरू झाले आहे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मरहूमांची मगफिरत करो, आणि हयात असलेल्यांना एकमेकांच्या दारी वेळेवर पोहोचण्याची तौफीक देवो. आमीन.