दाढच तर काढलीय

आमच्या हट्टा गावात दाढ काढणं आजारपणात धरत नाहीत. कुणाला टायफॉइड झाला, कुणाचा पाय मोडला, तर माणसं भेटायला येतात, घरचं काम वाटून घेतात. दाढेचं मात्र "दाढच तर काढलीय, उद्या नीट होईल" एवढ्यावर भागतं. माझी खालची डावी अक्कलदाढ निघाली तेव्हा घरात हळद शिजवण्याची घाई होती. मी संध्याकाळी स्वयंपाकाला लागायचं, असंच सगळ्यांनी धरलं होतं, आणि मीही.

दाढ हाडात आडवी होती. हिरडी चिरून, थोडं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागली. बधिर केल्यामुळे दुखलं नाही, नुसता दाब आणि कवटीत घुमणारा आवाज. येताना हातात सूचनांचा कागद होता. कापूस दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉनं काही पिऊ नका. सगळं पाळलं, पण कशासाठी ते ठाऊक नव्हतं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच हाडाचं झाकण असते आणि तिच्यातूनच पुढे नवं मांस आणि हाड भरून येतं, हे मला फार नंतर समजलं. ओढून पिताना किंवा जोरानं थुंकताना ती सुटू शकते. कधी काहीही न करता विरघळूनही जाते. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं.

मला गोंधळात टाकलं ते दुखण्याच्या चालीनं. जखम म्हटली की पहिल्या दिवशी जास्त, मग कमी, असा आपला हिशेब. इथं आधी बरं वाटलं आणि मग उलटं सुरू झालं. कळ जबड्यातून कानात शिरायची, तिथून कानशिलावर चढायची. तोंडाला घाण वास यायला लागला. गोळी घेतली की तासभर गुंगी, पुन्हा तेच. डॉक्टरांनी पाहून 'ड्राय सॉकेट' म्हणून सांगितलं. गुठळी गेली होती आणि खड्ड्यातलं हाड उघडं पडलं होतं. दाढ काढल्यावर दोन ते चार दिवसांनी दुखणं वाढत गेलं तर बहुधा हेच असतं, असं ते म्हणाले. त्यांनी खड्डा धुऊन औषधात भिजवलेली पट्टी आत बसवली, आणि काही मिनिटांत कळ ओसरली. मला रडूच आलं.

त्या पट्टीला लवंगेचा वास होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या रात्रीपासून "लवंग धर दाढंखाली, माय" म्हणत होत्या. लवंगेतल्या तेलात युजेनॉल असतं आणि दंतवैद्य दुखणं शमवायला तेच वापरतात. त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, फक्त उघड्या खड्ड्यात सबंध लवंग किंवा तिचं नुसतं तेल घालायचं नसतं, आजूबाजूचं मांस भाजतं. हळदीचंही तसंच. आमच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या अंगणात तिची रास पडलेली, मग येणारी प्रत्येक बाई हळद भर म्हणणारच. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की कसलीही पूड खड्ड्यात जाता कामा नये. नाही म्हणताना मला जड गेलं, कारण त्या मायेनं सांगत होत्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही हकिगत लिहिली नसती. एका सकाळी जबड्याच्या खाली टणक सूज आली आणि तोंड उघडेना. थंडी वाजून ताप भरला. पाणी गिळताना घशात अडकल्यागत व्हायचं. आमचा जिल्हा 1999 पासून हिंगोली, पण मोठ्या दवाखान्यासाठी पाय आपसूक परभणीकडे नाहीतर नांदेडकडे वळतात. दंतवैद्यांनी मला बघताच नांदेडला पाठवलं. ह्यांनी शिजवणीचं काम तसंच सोडून गाडी काढली.

तिथल्या सर्जननी मला तीनच गोष्टी विचारल्या. श्वास घ्यायला त्रास होतो का? जीभ वर उचलल्यासारखी वाटते का? स्वतःची थुंकी गिळता येते का? दाढेचा त्यात काय संबंध, मला कळेना. मग त्यांनी कागदावर जबडा काढून दाखवला. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिथं संपतात, तिथून आतल्या बाजूनं जिभेखाली आणि मानेकडे जाणारे पदर असतात. जंतुसंसर्ग त्या पदरांतून उतरतो. तो दोन्ही बाजूंना पसरला तर जीभ वर ढकलली जाऊन श्वासाची वाट बंद होऊ शकते. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरनं 1836 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्या आजाराला त्याचं नाव आहे. प्रतिजैविकं येण्याआधी त्यात निम्म्याहून जास्त माणसं दगावत. माझा संसर्ग एकाच बाजूला होता, पण थांबायला वेळ नव्हता. दाढेनं माणूस मरू शकतो, हे वाक्य मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. तोंड उघडत नसल्यानं श्वासाची नळी नाकातून घातली होती. जबड्याखाली छेद देऊन पू काढला आणि उरलेला वाहून जावा म्हणून रबराची पट्टी आत ठेवली. शुद्धीवर आले तेव्हा घसा सोललेला होता, पण गिळता येत होतं.

खरं कोडं घरी आल्यावर पडलं. बरं होणं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं. गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत आणि तोंडात चमचा जात नाही. त्यातल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळीनं जिभेवर लोखंडाची चव बसलेली, त्यामुळे दूधही नकोसं व्हायचं. आत्याबाईंनी ज्वारीच्या पिठाचं आंबील पातळ करून, कोमट करून, लहान चमच्यानं उजव्या गालाकडून सोडायला सुरुवात केली. मग वरणाचं पाणी, ताकातल्या कण्या, मऊ भात. मिरची-मसाला बंद. प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या कोमट पाण्याची हळू चूळ, जोर न लावता. झोपताना दोन उशा, कारण आडवं पडलं की जबड्यात ठोके पडायचे.

सगळ्यात अवघड होतं तोंड उघडायला शिकणं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. माझं एकही धड जात नव्हतं. जबड्याचे स्नायू सुजून आखडले होते आणि ते आपोआप सुटत नाहीत, सोडवावे लागतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, थोडा वेळ तसंच राहायचं, सैल वाटलं की आणखी एक काडी मधे सरकवायची. दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं. त्याआधी शेक घेतला की थोडं हलकं जायचं. हा व्यायाम कुणी टाळू नये असं मला कळकळीनं वाटतं, कारण जखम भरून आली तरी जबडा आखडलेलाच राहू शकतो.

हनुवटीखाली पांढरी पट्टी दिसायला लागल्यावर गावातली माणसं भेटायला आली. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या, जावेनं पोरांच्या शाळेचं बघितलं. आधी ड्राय सॉकेटच्या रात्री मी भिंतीला डोकं टेकून बसायचे तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं, आणि त्याबद्दल माझा राग नाही. तोंडाच्या आतली जखम दिसत नाही. पण ते दुखणं ऑपरेशनपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्तच होतं, आणि तेव्हाच मला माणसांची गरज होती. आमच्याकडे किती बाया मिश्रीनं आणि किती गडी तंबाखूनं दाढेची कळ दाबून कामावर जातात, ते आता माझ्या डोळ्यांत भरतं. काल कळ होती, आज गालाखाली सूज आहे, असं कुणी सहज बोललं तरी मी हातातलं काम टाकून विचारते, "तोंड उघडतंय का? गिळता येतंय का?"

आता मी भाकरी खाते, अजून दुधात कुस्करून. तीन बोटं मावतात. हिरडी मिटली आहे, आतलं हाड भरायला मात्र कित्येक महिने लागतील. खालच्या ओठाचा डावा कोपरा बधिर आहे. चहा ओघळला तर हाताला आधी कळतं. तिथली नस जबड्याच्या हाडातूनच जाते आणि दाढ काढताना ती दुखावू शकते. बहुतेकांची संवेदना हळूहळू परत येते, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ओठाला मुंग्या यायला लागल्यात, ते चांगलं लक्षण आहे म्हणे. उजव्या बाजूलाही अशीच आडवी दाढ आहे. हळद बाजारात गेली की त्या दाढेचा नीट फोटो काढून, नस तिच्या किती जवळून जाते ते आधी विचारणार आहे, आणि त्या वेळी ह्यांनाही खुर्चीशेजारी उभं करून ऐकवणार आहे.