खाणीत उतरणाऱ्या भाचीस

चि. लाडक्या भाचीस,


चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणीत तुझी अभियंता म्हणून नेमणूक झाली, ऐकून ऊर भरून आला. "पोरीच्या जातीनं जमिनीखाली कशाला जायचं?" असं गावात काहीजण म्हणाले. त्यांना सांग, तिथं बाया फार आधीच उतरल्यात.

पूर्वी खाणीत नवरा कोळसा फोडायचा, बायको पाटीत भरून टबात, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाडीत, ओतायची. 1937 च्या ऑक्टोबरपासून बायांना खाली जायला पूर्ण बंदी झाली. जीव धोक्यातून वाचला, हे खरंच. पण घरातली एक मजुरीही गेली.

मग दुसरं महायुद्ध पेटलं. लष्कराचे रस्ते, विमानतळ बांधायला माणसं हवी होती. तिथं मजुरी बरी, काम उघड्यावर आणि नवरा-बायको दोघांनाही. खाणीतले गडी तिकडं निघाले, कोळसा कमी पडू लागला. 1943 मध्ये सरकारनं बंदी उठवली, तीही आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात. आजचा चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचा चांदा जिल्हा, त्यातलाच. बाया खाली आल्या की गडीही टिकतील, हाही हिशेब त्यात होता.

तेव्हा सरकारात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. अखिल भारतीय महिला परिषदेनं या निर्णयाला विरोध केला. फेब्रुवारी 1944 मध्ये केंद्रीय विधिमंडळातही टीका झाली. हा आणीबाणीपुरता उपाय आहे, असं बाबासाहेबांनी सांगितलं. पण त्याच भाषणात त्यांनी एक मोठी गोष्ट नोंदवली: खाली उतरणाऱ्या बाईला गड्याइतकीच मजुरी. बाई-पुरुष न पाहता समान कामाला समान दाम, हे तत्त्व एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच मान्य होतंय, असं त्यांचं म्हणणं होतं.

युद्ध संपलं आणि 1 फेब्रुवारी 1946 पासून बंदी परत आली. गरज होती तेव्हा बोलावलं, सरली तेव्हा वर पाठवलं. दोन्ही वेळा त्या बायांना कुणी विचारलं नाही.

आपल्या शिवारात आजही हेच चालतं. कापूस वेचणी किलोवर असते, तिथं बाईचा किलो आणि गड्याचा किलो सारखाच. रोजंदारी आली की गड्याचा रोज जास्त, बाईचा कमी. सोयाबीन काढणीला माणसं मिळेनात की बायांचा भाव वाढतो. हंगाम सरला की पुन्हा उतरतो. टंचाईनं मिळालेला भाव टंचाईबरोबरच जातो. कायद्यात लिहिलेला आणि संघटनेनं राखलेला हक्कच टिकतो.

2019 मध्ये सरकारनं बायांना भूमिगत खाणीत दिवसपाळीची परवानगी दिली, पण तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठीच. तू त्या दारानं आत जातेस. पाटी उचलणाऱ्या बाईसाठी ते दार नव्हतं, हे विसरू नकोस.

म्हणून तीन गोष्टी कर. पगार स्वतःच्या खात्यात घे आणि त्याचा हिशेब स्वतः ठेव. सुरक्षेच्या नियमांत कुणाच्या भिडेखातर सूट देऊ नकोस. आणि खाणीवर झाडू मारणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या कंत्राटी बायांना रोज किती मिळतो, तो गड्याइतका आहे का, हे पहिल्याच महिन्यात विचार. कमी असेल तर बोल. तुझ्या शब्दाला तिथं वजन आहे, ते त्यांच्या कामी येऊ दे.

तुझी,
आत्या