माझ्या नावाची निमंत्रणं

समाजमाध्यमांनी जाहिरात करावी, सभासद वाढवावेत, याला माझी हरकत नाही. वैताग येतो तो ही जाहिरात माझ्या नावाने होते म्हणून. नवं ॲप घेतलं की पहिल्या दोन-तीन पडद्यांतच 'तुमचे मित्र शोधा' येतं. 'पुढे चला'चं बटण ठळक, नेमकं अंगठ्याखाली. 'नंतर बघू' मात्र फिकट करड्या, बारीक अक्षरात. पुढे बघावं तर सगळ्या नावांसमोर बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या. आता फोनमधली यादी काही मित्रांची नसते. तीत गॅसवाला असतो, मुलीच्या वर्गशिक्षिका असतात, आणि नंबर खोडायला हात धजावत नाही म्हणून राहून गेलेले दिवंगत काकाही असतात. एका टिचकीत सगळ्यांना आवतण!

याची कोर्टातही शहानिशा झाली आहे. सभासदाने निमंत्रण पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर लिंक्डइन त्याच्याच नावाने आणखी दोन स्मरणपत्रं धाडतं, अशा तक्रारीचा दावा 2013 मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. पहिल्या निमंत्रणाला सभासदांची संमती होती, पण स्मरणपत्रांनाही होती असं म्हणता येत नाही, असं न्यायाधीश लूसी को यांनी प्राथमिक टप्प्यावरच सांगितलं. कंपनीने आरोप नाकारले. तरी 2015 मध्ये 1 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड केली. मला ती दोन स्मरणपत्रं फार बोलकी वाटतात. एकदा बोलावणं हे अगत्य. तीनदा बोलावणारा लोचट दिसतो, आणि तसा दिसतो तो सभासद, कंपनी नव्हे. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने तर जानेवारी 2016 मध्ये फेसबुकच्या अशा ईमेलना मित्राचं निमंत्रण मानलंच नाही. ती फेसबुकची स्वतःची जाहिरात, आणि न मागणाऱ्याला दिलेला त्रास, असा निकाल दिला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: परवानगी तुम्हीच दिलीत ना? दिली, पण वर्गशिक्षिकांचा नंबर माझ्याकडे विश्वासाने आला आहे, तो पुढे देण्याचा हक्क मला कुणी दिला? दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. तोंडोतोंडीच तर सगळं वाढतं. दिवाळी अंकांनाही वर्गणीदारांनीच वर्गणीदार मिळवून दिले. खरं आहे. पण तिथे कुणाला गळ घालायची हे सांगणारा ठरवत असे, आणि समोरच्याचा चेहरा बघून थांबतही असे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी असल्या 13 क्लृप्त्यांची यादी काढली. सतत टुमणं लावणं तीत आहे. मात्र तो सगळा विचार ग्राहकाचा. ज्याने ॲप कधी उघडलंच नाही, त्या तिसऱ्या माणसाचं काय? त्याचा राखणदार सध्या तरी फोन हातात असलेला माणूसच. तेव्हा ते करडं 'नंतर बघू' शोधा. बहुतेकदा ते सगळ्यात खाली, नाहीतर वर उजव्या कोपऱ्यात असतं.