साडेतीनशेचा हिशेब

पिंपरी-चिंचवडमध्ये गाडीबद्दलचा सल्ला फुकट मिळतो, आणि देणारा बहुतेक वेळा खरोखरच त्या धंद्यातला असतो. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर गिअर कटिंगवाले आहेत, समोर फोर्जिंगवाले, आणि कंपनीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसतात ते ब्रेकवाले. मी स्वतः चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमध्ये खोट काढणं हेच माझं काम. त्यामुळे लिनियाला मोठे इंजेक्टर टाकायचे आहेत असं मी बसमध्ये बोललो, तेव्हा मोशी यायच्या आत सगळ्यांची मतं तयार होती. ती सगळी एकाच दिशेची होती : टाकायचेच तर मोठे टाका.

गाडी म्हणजे फियाट लिनिया टी-जेट. आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनलेली. १३६८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ११४ अश्वशक्ती. याच घराण्यातलं इंजिन पुढे अबार्थ पुंटोमध्ये १४५ अश्वशक्तीचं होऊन आलं, तेही रांजणगावातूनच. गाड्या बंद झाल्या, पार्ट मिळवायला जुन्या बाजारात ओळखी कराव्या लागतात, पण इंजिन मजबूत आहे. मी त्याचा रीमॅप करून घेतला होता आणि बरीच वर्षं काही तक्रार नव्हती.

तक्रार आली ती पेट्रोल बदलल्यावर. २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपावर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत आमच्या भागात साधं पेट्रोल म्हणजे तेच झालं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. उलटून पाहिलं तर तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त ओतावं लागतं. वीस टक्के मिश्रणात हा फरक सात-आठ टक्क्यांचा पडतो. शहरात फिरताना तो फक्त मायलेजमध्ये दिसतो. पण टर्बो पूर्ण दाबावर असताना ते सात-आठ टक्के कुठून तरी आणावेच लागतात. लॅपटॉप लावून लॉग काढला, तर ५५०० आरपीएमला इंजेक्टरची ड्यूटी नव्वदच्या वर गेलेली.

ड्यूटी म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडा आहे त्याची टक्केवारी. ५५०० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्यांना २२ मिलिसेकंदही मिळत नाहीत. त्यातली वीसएक मिलिसेकंद इंजेक्टर उघडाच राहिला, तर त्याला नीट बंद व्हायलाच सवड उरत नाही. इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आणखी इंधन मागतो आणि ते मिळत नाही. मिश्रण पातळ होतं, आणि बूस्टवर पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन वितळण्याची तयारी. ई-२० ला शिव्या देणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी, की इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो आणि ते बाष्प होताना सिलिंडर थंडही करतं. टर्बो इंजिनाला ते चांगलंच आहे. फक्त ते पुरेसं पोचलं पाहिजे.

मग कागद घेतला. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण पावणेतीनशे ग्रॅम पेट्रोल धरतात. मला १५५ अश्वशक्ती पुरे होती. म्हणजे तासाला साडेबेचाळीस किलोच्या आसपास, चार सिलिंडरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला १७८ ग्रॅम, म्हणजे सुमारे २४० सीसी. ड्यूटी ८० टक्क्यांवर ठेवायची, म्हणून भागिले ०.८ : तीनशे सीसी. ई-२० साठी सात टक्के वाढवले की ३२०.

इथपर्यंत सगळे करतात. पुढची पायरी मात्र बरेच जण गाळतात. इंजेक्टरवर लिहिलेला आकडा बहुधा ३ बार दाबाचा असतो. आमच्या गाडीत रिटर्न लाइन नाही. टाकीतला रेग्युलेटर दाब साडेतीन बारवर धरतो आणि बूस्ट वाढला तरी तो हलत नाही. इंजेक्टरच्या तोंडाशी मात्र समोरून टर्बोची हवा ढकलत असते. एक बार बूस्ट आला की इंधनाला पुढे रेटणारा दाब उरतो अडीच बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अडीच बारला तोच इंजेक्टर लिहिलेल्याच्या ९१ टक्केच देतो. ३२० भागिले ०.९१ म्हणजे साडेतीनशे. थोडा वाव ठेवून ३८०. याच्या वर जायला मला कारण दिसत नव्हतं.

मेस्त्रींना दिसत होतं. भोसरीच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे, हात उत्तम, टर्बोच्या गाड्यांवर कित्येक वर्षं काम केलेलं. ते म्हणाले, “साहेब, सहाशे तीस टाका. उद्या टर्बो बदलायची इच्छा झाली तर परत खर्च नको.” या वाक्यात चूक काही नाही. घर बांधताना आपण सगळे एक खोली जास्तच काढतो. पण इंजेक्टरचं तसं नसतं, कारण जास्तीची खोली रिकामी ठेवता येते आणि मोठा इंजेक्टर चोवीस तास मोठाच राहतो.

माझी गाडी ५५०० आरपीएमला किती वेळ असते? द्रुतगती मार्गावर एखाद्या चढाला, काही सेकंद. आयडलला किती वेळ असते? नाशिक महामार्गावरून रोज जाणाऱ्याला हे विचारू नये. मोशी सोडलं की कुरुळी, आळंदी फाटा, आणि मग चाकण चौक. शिफ्ट सुटायच्या वेळेला तळेगाव चौकात कंटेनर, कंपनीच्या बसेस, भाजीचे टेम्पो आणि मधून वाट काढणारे दुचाकीवाले असे अडकतात की इंजिन गरम होऊन पंखा लागतो, बंद होतो, परत लागतो, आणि गाडी आपली जागच्या जागी. एसी चालू, दिवे चालू, पावसाळ्यात वायपरही चालू.

आता आयडलचा हिशेब. तासाला सुमारे ८०० मिली पेट्रोल धरलं, तर ८५० आरपीएमला प्रत्येक वेळी एका सिलिंडरला आठ घन मिलिमीटरही लागत नाही. त्यात आयडलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, म्हणजे बूस्टच्या उलट तो इंधन आत ओढतो आणि इंजेक्टर लिहिल्यापेक्षा जास्त देतो. ३८० चा इंजेक्टर एवढं इंधन जेमतेम एका मिलिसेकंदात टाकतो. ६३० चा सहा दशांश मिलिसेकंदात. आणि सुई उचलून पूर्ण उघडायलाच साधारण एक मिलिसेकंद जातो, त्याला डेड टाइम म्हणतात. म्हणजे मोठ्या इंजेक्टरला उघडण्यापेक्षा कमी वेळात काम संपवायचं असतं. त्या भागात प्रवाह सरळ रेषेत वाढत नाही आणि चारही सिलिंडर एकसारखे चालत नाहीत. शिवाय डेड टाइम व्होल्टेजवर अवलंबून. पंखा, दिवे, एसी एकदम लागले आणि व्होल्टेज पडलं की तो वाढतो. इसीयूकडे त्याचा बरोबर तक्ता नसेल, तर तळेगाव चौकात गाडी गचके देणार हे ठरलेलं. आज जे मोठे इंजेक्टर घालून गाडी बंद पडते म्हणतात, त्यातल्या अनेकांचं दुखणं इथे असतं. मॅपमध्ये कितीही खटपट केली तरी सुईला उघडायला लागणारा वेळ कमी होत नाही.

मेस्त्रींनी हा कागद पाहिला, चष्मा वर केला, आणि म्हणाले, “आणा मग तीनशे ऐंशीचे. पण बेंचवर लावल्याशिवाय मी बसवणार नाही.” हे त्यांचं वाक्य मला सगळ्यात आवडलं.

बेंच होता एमआयडीसीत डिझेल पंपाचं काम करणाऱ्या एका मामांकडे. नाशिकला मायकोत उमेदवारी केलेले, मायकोचं नाव बदलून बॉश झाल्याला दीड दशक उलटलं तरी यांच्या तोंडी मायकोच. गुरुवारी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, बाजूचे प्रेस बंद, म्हणून त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. इंजेक्टर ऐकूनही तपासायचे असतात, असं त्यांचं म्हणणं. मी दोन सेट नेले होते : एक ओळखीच्या डीलरकडून पक्क्या बिलावर घेतलेला, दुसरा एका मित्राने ऑनलाइन मागवलेला, तेच नाव, तोच नंबर, निम्म्याहून कमी किंमत.

काचेच्या चार नळ्या, वर चार इंजेक्टर, खाली दिवा. मामांनी आधी नुसता दाब दिला, इंजेक्टर बंद ठेवून. ऑनलाइनवाल्या सेटमधल्या एकाच्या टोकाला थेंब जमला, फुगला आणि पडला. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त बोट दाखवलं. मग पूर्ण उघडे ठेवून मोजलं. त्या सेटमध्ये सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत ११ टक्क्यांचा फरक. बिलावरच्या सेटमध्ये दोन टक्क्यांच्या आत. क्वालिटीवाल्याला आणखी काय हवं? इसीयू चारही सिलिंडरांना एकच वेळ देतो. ११ टक्के कमी मिळणारा सिलिंडर पातळ चालतो आणि एक्झॉस्टमधला सेन्सर सरासरी सांगून गप्प बसतो.

फवाऱ्याचा आकार पाहणं ही गोष्ट मी तिथे शिकलो. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवेचे दोन व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे फवारा दोन शंकूंत फुटून एकेका व्हॉल्व्हकडे जायला हवा. मामांनी बॅटरी तिरकी धरली तेव्हा बिलावरच्या सेटचे दोन स्वच्छ धुरकट शंकू दिसले. दुसऱ्या सेटचा एकच जाड फवारा. असा फवारा दोन वाटांच्या मधल्या भिंतीवर आदळतो, पेट्रोल तिथे ओघळतं आणि थंडीत सकाळी गाडी खोकते. सीसीच्या आकड्यात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

उरलेलं लवकर सांगतो. मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स पाहिला, बारा ओहमच्या वर, म्हणजे कंपनीच्या इसीयूला चालणारे. दोन-तीन ओहमवाले जुने रेसिंगचे इंजेक्टर स्वस्तात मिळतात, पण ते वेगळा ड्रायव्हर मागतात. उंची आणि कनेक्टर जुळले. ओ-रिंग मात्र मुद्दाम व्हायटनच्या घेतल्या, कारण साधं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगतं आणि रेलपाशी पेट्रोल झिरपायला लागलं तर पुढचा हिशेब अग्निशमन दलाशी. बसवल्यावर नवा प्रवाह आणि डेड टाइमचा तक्ता इसीयूत भरला. ५५०० ला ड्यूटी ८० च्या आत आली. चाकण चौकात आरपीएमची सुई ८५० वर उभी असते.

बसमधल्या एकाची पोलो जीटी टीएसआय आहे, इथेच चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यात बनलेली. त्यालाही इंजेक्टर बदलायचे होते. त्याला मी अडवलं. त्या इंजिनात इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात असतो, शंभर बारहून अधिक दाबावर, आणि तो दाब कॅमवर चालणारा वेगळा पंप देतो. तिथे पंपाचं गणित आधी येतं आणि माझा हा कागद उपयोगाचा नाही.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. पीयूसीवाला आयडलचा धूर पाहून कागद देतो, म्हणून सगळं आलबेल असा त्याचा अर्थ नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी असा बदल उकरून काढू शकते. रांजणगाव-चाकणच्या मधल्या गॅरेजांत रोज होणारी बरीच कामं या कलमाच्या पलीकडची आहेत, माझंही त्यात आलं. हे माहीत असूनच ज्याने त्याने ठरवावं.

ठरवलंच, तर दुकानदाराला सीसी विचारण्याआधी तीन गोष्टी मागा : हा प्रवाह किती बारला मोजला, चारही इंजेक्टरचा बेंच रिपोर्ट कुठे आहे, आणि व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता. तिसऱ्या प्रश्नाला तो “ते ट्यूनर बघून घेईल” म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा.