डुक्कर फियाट घाट चढते

पनवेलला पोचले की आधी गाडीला पाणी पाजायचे आणि मग माणसांनी चहा घ्यायचा, असा आमच्या लहानपणी रिवाज होता. पुढे भोरघाट. घाटात तापलेल्या इंजिनाशी भांडत बसण्यापेक्षा ते पायथ्याआधीच थंड करून घेतलेले बरे, असा साधा हिशेब. त्या काळी मुंबईहून पुण्याला मोटारीने गेलेल्या कुणालाही विचारा. पनवेल म्हटले की त्याला रस्त्याकडेचा नळ आणि पत्र्याचा डबा आठवेल.

तरुण वाचकांना हे सांगायला हवे, की तेव्हा मुंबईहून सरळ खाडी ओलांडून पनवेलला येता येत नसे. वाशीचा पूल झाला १९७३ साली. त्याआधी दादरहून निघालेली गाडी ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळफाटा असा भला मोठा वळसा घेऊन येई. जिल्ह्याचे नावही तेव्हा रायगड नव्हते, कुलाबा होते. आता शिवडीहून समुद्रावरून पावणेबावीस किलोमीटरांचा अटल सेतू आहे आणि पनवेलच्या वेशीवर विमानतळ आहे. गाड्या न तापता आणि न थांबता निघून जातात.

माझे आजोळ पनवेलचे. वाड्याच्या मागच्या अंगणात पूर्वी टांग्याच्या घोड्याचा तबेला होता. घोडा गेला आणि १९६२ साली आजोबांनी तिथे एक फियाट आणून बांधली. ‘बांधली’ हा आजीचा शब्द. पहिले काही दिवस ती गाडीलाही गवत पडले आहे का, असे विचारायची म्हणे.

गाडी १९५५ च्या मॉडेलची, जुनी म्हणून घेतलेली. इटलीत १९५३ साली निघालेली ही फियाट अकराशे दुसऱ्याच वर्षी वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीने आपल्याकडे आणली. कारखाना कुर्ल्याला. इंजिन १०८९ घनसेंटीमीटरांचे, गिअर चार, आणि गिअरचा दांडा पायाशी नव्हे तर स्टिअरिंगखाली. पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. नऊवारी नेसलेल्या बाईला उतरायला याहून सोयीचे दार पुन्हा कुणी केले नाही. मात्र चालत्या गाडीत कडी निघाली तर वाऱ्याने सताड उघडायचे. पाठ गोल, नाकाड पुढे आलेले. लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले ते काही रागाने नव्हे. आमच्या घरी तर तिला लाडाने नुसतेच ‘डुक्कर’ म्हणत, आणि पाहुण्यांसमोर फार घोटाळे होत.

आजोबांमागे गाडी मामांकडे आली. मामा आज चौऱ्याऐंशीचे आहेत. नोकरीतून मोकळे झाल्यावर लोक भजनाला लागतात. मामा गाडीखाली शिरले. पनवेलचा पाऊस लोखंडाला फार वाईट. तळाचा पत्रा इतका कुजला होता, की मागे बसल्या बसल्या रस्ता दिसे. मामांनी तो कापून नवा घातला. लाकडी हातोड्याने ठोकून त्याला गोलाई आणली, वेल्डिंगला तेवढा माणूस बोलावला. सुटे सामान कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणि ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांतून. पद्मिनीच्या इंजिनाचे घराणे हेच, त्यामुळे तिचे बरेचसे सामान हिला चालते. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून कायमची उतरली. सगळी मुंबई हळहळत होती, तेव्हा आमचे मामा पेट्रोल पंप, कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपणे गोळा करीत फिरत होते.

सोडवलेला प्रत्येक नट आणि वायसर मामा फराळाच्या रिकाम्या डब्यांत ठेवीत, वर चिठ्ठी चिकटवून. एका दिवाळीत मामींनी करंज्यांचा म्हणून डबा उघडला, तर आत ग्रीसमध्ये बुडवलेल्या पिस्टनच्या रिंगा! त्या दिवशी वाड्यात जे काही झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

या वर्षी वाडा बिल्डरकडे गेला. नव्या इमारतीत गाडी ठेवायला लोखंडी पाळणे आहेत; खाली एक, वर एक. मामा ते नकाशावर पाहून आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद करता येईल, असा २०२१ चा नियम मी त्यांना वाचून दाखवला. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, हेही त्यात आहे.

“मग काय तिची आरती करायची?” मामा म्हणाले.

शेवटी पुण्याच्या एका तरुण शौकिनाने ती मागितली. ट्रक पाठवतो, वर चढवून नेतो, असा त्याचा निरोप होता. मामांनी कळवले, की गाडी ट्रकवरून येणार नाही. लोणावळ्याला येऊन उभे राहा, आम्ही घाट चढवून आणून देतो. पुढे घाट नाही, तिथून तुमची तुम्ही न्या.

आता अडचण अशी, की मामांना डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केलेली. म्हणजे चालवायची मी. महिनाभर दर रविवारी मी दादरहून पनवेलला जाऊन डाव्या हाताने तो दांडा ओढायला शिकलो. त्रेसष्टाव्या वर्षी मामाच्या शिव्या खाणे हेही एक सुखच आहे.

ऑक्टोबरातल्या एका पहाटे निघालो. मामींनी बॉनेटला हळदकुंकू लावले आणि त्या आत गेल्या, फाटकापर्यंत आल्या नाहीत. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता उजवीकडे सोडला. तिकडे कर्नाळ्याचा अंगठा नुकता उजळत होता. द्रुतगती मार्ग घेतला नाही. जुन्या रस्त्याने चौक, मग खोपोली. डाव्या हाताला प्रबळगड आणि इर्शाळगड. गाडी चाळिसाच्या वेगाने अशी गुणगुणत चालली होती, की मला वाटले, मामांनी उगाच घाबरवले.

खोपोली सुटली, चढ लागला. दुसरा गिअर, मग पहिला. शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडे खाली तिने दोन आचके दिले आणि ती थांबली. मी ब्रेक दाबून धरला. मामा उलट्या दाराने सफाईने उतरले आणि चाकामागे दगड ठेवून आले.

“रेडिएटर?” मी विचारले.

“नाही रे. काटा बघ, तापलेली नाही तेवढी. पंप आहे.”

इंजिनाच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते. वाफ ओढली जात नाही, पेट्रोल पुढे सरकत नाही. औषध जुनेच. मामांनी खांद्यावरचा पंचा पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळला आणि ते कठड्यावर बसले. “पंधरा मिनिटे. हात लावायचा नाही.”

ती पंधरा मिनिटे मला लांब गेली. ही इथेच राहिली असती, तर वर उभ्या असलेल्या माणसाने ट्रकच पाठवला असता. मामा मात्र खाली दरीकडे बघत या रस्त्याची गोष्ट सांगत होते. चाकांच्या वाहनांसाठी हा घाट १८३० साली, माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. इंग्रजांना वाट दाखवली ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने, आणि बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले तेव्हा त्याला गोळी घातली, असे सांगतात. ड्रायव्हर लोक अजून त्याच्या देवळापाशी नाणे टाकतात. आमच्याजवळून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने वेग कमी करून विचारले, “काका, ओढू का?” मामांनी हात हलवून नको म्हटले.

मग चोक ओढला नाही, नुसता स्टार्टर. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लागली. मामा बसेपर्यंत मी श्वास धरून होतो. देवळापाशी त्यांनी खिडकीतून दहाचे नाणे टाकले. “आजोबा एक आणा टाकायचे,” म्हणाले.

लोणावळ्याला तो मुलगा वाट बघत उभा होता. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि मामांच्या पाया पडला. मामांनी त्याला किल्ली दिली, फराळाचे अकरा डबे दिले आणि ओला पंचाही दिला. पंपाची गोष्ट दोनदा समजावली. पैशांचे पाकीट न मोजता मला दिले.

परत एस.टी.ने आलो. मामांना खिडकी मिळाली. घाट उतरताना प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय समोरच्या बाकाखाली दाबला जात होता. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती.

वाड्यात शिरलो तेव्हा मामी तबेल्याच्या दाराशी रांगोळी घालत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारले,

“अहो, पोचली का नीट?”

“पोचली,” मामा म्हणाले. “वाटेत एकदाच थांबली.”