रेडिओ अडखळतो तेव्हा दोष कुणाचा?

इंटरनेटवरचा रेडिओ मध्येच बंद पडला की पहिला आरोप ऐकणाऱ्यावर होतो. "तुमचा फोन जुना आहे." "तुम्हाला ते जमत नाही." "तुमच्या भागात नेटच नसतं." आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी फोन स्पीकरला जोडून ऑनलाइन रेडिओवरच्या चर्चा ऐकतो, त्यामुळे ही वाक्ये आम्हाला पाठ आहेत. कारण न तपासता माणसालाच नालायक ठरवणे ही इथली जुनी सवय आहे. आमचे म्हणणे एवढेच, की आधी कारण शोधा आणि मग दोष द्या.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब आकाशवाणीवरून आपल्या सामाजिक तत्त्वज्ञानाविषयी बोलले. त्या काळी घरात रेडिओ ठेवायलाही सरकारी परवाना काढावा लागे. ज्यांच्याविषयी ते आयुष्यभर बोलले, त्यांच्यापैकी किती घरांत तेव्हा रेडिओ असेल? आज परवाना लागत नाही, फोन जवळजवळ प्रत्येक घरात आहे. तरीही प्रसारण दोनदा तुटले की आपण ऐकणे सोडून देतो. हे परवडणारे नाही.

स्टुडिओतला आवाज आपल्या कानापर्यंत तीन टप्प्यांनी येतो: रेडिओचा सर्व्हर, मधला नेटचा रस्ता आणि आपला फोन. बिघाड यांपैकी नेमका कुठे आहे, हे दोन मिनिटांत कळते. दुसरे एखादे केंद्र लावून पाहा. ते नीट वाजले तर तुमचे नेट आणि फोन बहुधा ठीक आहेत. कोणतेच केंद्र वाजत नसेल तर दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या साथीचा हॉटस्पॉट घ्या. त्यावर वाजले तर अडचण तुमच्या नेटची आहे. तरीही वाजले नाही तर फोनकडे वळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या तर रेडिओ सुरू होईलही, पण कशामुळे झाला ते कळणार नाही आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच गोंधळ.

वस्तीत सगळ्यात जास्त भेटणारी अडचण म्हणजे डेटा. १२८ केबीपीएसचे प्रसारण तासाला सुमारे ५८ एमबी खाते, तर ३२ केबीपीएसचे साधारण १४ एमबी. रोजचा डेटा संपला की अनेक रिचार्जमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. मग १२८ चे प्रसारण कसे चालणार? प्लेअर काही सेकंदांचा आवाज आधीच साठवून ठेवतो, त्याला बफर म्हणतात. आत येणारा आवाज बाहेर वाजणाऱ्या आवाजापेक्षा हळू आला की साठा संपतो आणि चक्र फिरत राहते. पण त्याच ६४ च्या वेगावर ३२ चे प्रसारण चालू शकते. म्हणून केंद्राच्या पानावर कमी बिटरेटचा पर्याय आहे का, ते आधी पाहा. बोलण्याच्या कार्यक्रमाला तेवढा पुरतो. पत्र्याच्या घरात सिग्नल क्षीण होतो, तेव्हा हॉटस्पॉट देणारा फोन दारात किंवा खिडकीत ठेवा.

स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने आवाज थांबत असेल तर नेटला शिव्या देऊ नका. फोनची बॅटरी वाचवणारी सोय मागे चाललेले अ‍ॅप बंद करते. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपवरचे बॅटरीचे बंधन काढा. आवाज फक्त ब्लूटूथ स्पीकरवर तुटत असेल तर वायर लावून पाहा.

वेबसाइटवरचे बटण दाबूनही काही होत नसेल तर प्रसारणाचा थेट पत्ता व्हीएलसी प्लेअरच्या नेटवर्क स्ट्रीममध्ये टाका. सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस पानावरून असुरक्षित पत्त्याचा आवाज ब्राउझर अनेकदा अडवतो. केंद्राने एमथ्रीयू किंवा पीएलएस फाइल दिली असेल तर बिचकू नका. ती साध्या मजकुराची छोटी फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडली की पत्ता दिसतो.

आता दुसरी बाजू. प्लेअर जोडला गेला आहे, सेकंद पुढे सरकत आहेत, पण आवाज नाही. दुसऱ्या साथीच्या फोनवरही तसेच होत असेल तर शांतता बहुधा तिकडूनच येते आहे. जे आधी जोडले गेले त्यांना ऐकू येते आणि उशिरा आलेल्यांना नकार मिळतो, असे झाले तर सर्व्हरवरची श्रोत्यांची मर्यादा भरलेली असू शकते. आइसकास्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती मर्यादा केंद्र चालवणाराच ठरवतो. अशा वेळी आपला फोन दहादा बंद-चालू करून काय उपयोग? एका केंद्राला आम्ही असेच कळवले, तर "तुमचे नेट तपासा" एवढेच उत्तर आले. आम्ही तारीख, वेळ, तीन वेगवेगळ्या सिमवरचा अनुभव आणि दुसरे केंद्र त्याच क्षणी नीट वाजत होते ही नोंद पाठवली. मग मात्र त्यांनी सर्व्हर पाहिला. नुसत्या तक्रारीला झटकता येते, पुराव्याला झटकणे कठीण जाते.

केंद्र चालवणाऱ्या आपल्या साथींनाही आमचे सांगणे आहे. उत्तम दर्जाचे एकच प्रसारण ठेवून तुम्ही ज्यांच्याकडे वायफाय आहे त्यांच्याशीच बोलता. शेजारी ३२ केबीपीएसचे दुसरे प्रसारण ठेवा. रोजच्या डेटाचा हिशेब करणारी आमची मावशी त्यावरच ऐकू शकते.

आणि हे ज्ञान एका 'हुशार पोरा'च्या हाती ठेवू नका. तो नोकरीला परगावी गेला की अख्खी वस्ती मुकी होते. आमच्याकडे दर रविवारी फोन वेगळ्या हातात असतो. गेल्या महिन्यात मावशींनीच दुसरे केंद्र लावून पाहिले आणि म्हणाल्या, "आपलं नेट बरं आहे, बिघाड त्यांच्याकडं आहे." त्या बरोबर होत्या. ऐकण्याचा हक्क असा वापरून टिकतो.