कुटुंब म्हणजे कोण?

सॉफ्टवेअरच्या नोकरीत 'रिक्वायरमेंट' हा शब्द इतक्यांदा ऐकलाय की त्याचा कंटाळा आलाय. खरा कळला तो मात्र आमच्या कळमनुरीत, २०१७ च्या पावसाळ्यात, काकांबरोबर रांगेत उभा असताना.

त्या जूनमध्ये सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली होती. अर्ज ऑनलाइन. माफी कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको अन् अठराच्या आतली मुलं. आजीच्या नावावरही कर्ज होतं. मी काकांना सांगितलं, आजीचं कुटुंब वेगळं, तिचा अर्ज वेगळा.

"एका चुलीवर जेवतो आन् कागदावर येगळे?" काका म्हणाले.

मी हसलो. पण प्रश्न बरोबर होता. बँकेची खाती माणसाच्या नावावर असतात. 'कुटुंब' बँकेला माहीतच नाही. मग बँकांकडून ६६ रकान्यांत माहिती मागवली गेली. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रं वाटली, आणि मग कळलं की अर्ज आणि बँकांची माहिती जुळतच नाही. सगळे प्रोग्रामला शिव्या देत होते. माझ्या मते चूक त्याच्या आधीची होती.

डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची नवी योजना आली. यावेळी अर्जच नव्हता. हिशोब एकेका शेतकऱ्याचा, बँकेकडून यादी, शेतकऱ्याने फक्त अंगठा लावून खात्री करायची. कुणीतरी आधी विचारलं असणार, की जी माहिती बँकेकडे आहेच ती शेतकऱ्याला पुन्हा का मागायची? काम निम्मं झालं ते तिथेच.

२०२० मध्ये आजीचं नाव यादीत आलं. पण जन्मभर हळद काढून, निंदून अंगठा पार गुळगुळीत झालेला. मशीन घेईना. चौथ्यांदा घेतला तेव्हा आजीच म्हणाली, "मला वाटलं, मी मेलेच की काय!"

तेव्हा मला माझंच एक काम आठवलं. हजेरीचा प्रोग्राम. दिवस रात्री बाराला संपतो, असं मी गृहीत धरलं होतं. रात्रपाळीचा वॉचमन दोन दिवस गैरहजर दिसायचा, त्याचा पगार कापला गेला. त्याला एकदा विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आता नवीन काम आलं की आधी विचारतो: हे वापरणाऱ्यांपैकी कुणाला मी भेटलोय? उत्तर 'कुणालाच नाही' आलं, तर कोड थांबवतो.

निदान प्रयत्न तरी करतो. असो.